शेवटच्या रांगेतलं जाकीट

जाकीट पाकिटातून निघता निघेना. मस्कतला आमचं विमान रिकामं उभं होतं, सफाईवाले पुढच्या भागात झाडत होते आणि मी शेवटच्या रांगेतल्या वाटेलगतच्या सीटखाली डोकं घालून गुडघ्यांवर बसले होते. एका हाताने स्कर्ट सावरायचा आणि दुसऱ्या हाताने ते पाण्यात तरंगायचं पिवळं जाकीट ओढायचं, अशी माझी कसरत चालली होती. फिलू वाटेत उभी राहून पहारा देत होती.

"चारू, बाळंतपण आहे का? आटप."

"मग तूच ये सुईण व्हायला."

शेवटी एकदाचं ते बाहेर आलं. फिलूने ते कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबलं, वर उष्टे कप टाकले आणि पिशवी मागच्या दाराने खाली उतरवून दिली. मी हलव्याचा डबा उघडला. मस्कतहून येताना आम्ही सगळ्याजणी हलवा आणायचो, त्यामुळे डब्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. या डब्यात मात्र हलव्याच्या पातळ थराखाली खाकी चिकटपट्टीत गुंडाळलेली सोन्याची बिस्किटं होती. ती मी पाकिटात सारली, चेन लावली, आणि पाकीट पूर्वीसारखं फुगलेलं दिसलं तशी समाधानाने उठले.

उड्डाणाआधी प्रत्येक सीटखाली जाकीट आहे का, ते बघायचं काम आमचंच. नियमाप्रमाणे वाकून बघायचं असतं. पण शेदीडशे वेळा वाकून कोणाची कंबर जाग्यावर राहणार, म्हणून सगळ्याजणी चालता चालता बुटाच्या टोकाने पाकीट दाबून पाहायच्या. फुगीर लागलं की झालं. आमची सगळी युक्ती या आळसावर उभी होती.

फिलू म्हणजे फिलोमिना लोपीस, वसईची. आम्ही एकाच तुकडीत हवाईसुंदरी झालो, एकाच दिवशी पहिल्यांदा उडालो आणि एकाच दिवशी आमचा पगार बंद झाला. कंपनी बुडत होती. दिवाळीपासून कोणालाच पैसे मिळाले नव्हते, तरी लिपस्टिकची छटा चुकली तर मेमो मात्र वेळेवर मिळत होता. फिलूच्या घरी तिने सरळ सांगून टाकलं होतं. मी नाही सांगितलं. अंबरनाथच्या आमच्या इमारतीत नाना, म्हणजे माझे वडील, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारायचे, "आमची चारुता आज कुठेय, माहितेय?" आणि मग स्वतःच उत्तर द्यायचे. त्या माणसाला मुलगी फुकट राबते आहे हे कसं सांगणार? मी पगार येत असल्याचं नाटक करत राहिले, आणि ते नाटक चालवायला पैसे लागत होते.

अशा वेळी नेवरेकर भेटला. पूर्वी आमच्याच कंपनीत होता, नोकरी सुटल्यावर मस्कतला 'व्यवसाय' करायचा. त्याचा बेत साधा होता. तेच विमान मुंबईहून पुढे नागपूरला जायचं आणि त्यावरही आम्हीच असायचो. मुंबईच्या कस्टममधून आमच्या बॅगा जातात, विमानाची सीट जात नाही. नागपूरला उतरताना कोण विचारतो? पहिलीच खेप होती, आणि शेवटची असं आम्ही ठरवलं होतं.

सीटही आम्ही विचार करून निवडली होती. शेवटच्या रांगेतली एक जागा कंपनी प्रवाशाला देत नसे. आम्हाला जेवायला, दोन मिनिटं पाय मोकळे करायला ती राखून ठेवायची पद्धत होती.

प्रवासी चढू लागले. त्यात एक म्हातारी होती, काळीसावळी, काटक, नऊवारीवर मुलाचा मोठा स्वेटर घातलेली. बसल्या बसल्या तिने माझी बाही धरली.

"गो बाय, येताना तां जाकीट दाखवल्यानी, तां खंय आसा?"

"सीटखाली आहे, आजी."

"दाखय बघू."

मागे रांग तुंबली होती. तरी मी वाकून तिचा हात पाकिटाला लावून दिला. तिने तेवढ्यावर सोडलं नाही. चेन उघडून आत बोटं घातली, कापड चाचपलं, मग पुन्हा चेन लावली आणि मान डोलावली.

"माझ्या घोवाक दर्यान घेतल्यान," ती शांतपणे म्हणाली. "तेवा होडीत असला काय नव्हता. माका दर्याचो भरवसो नाय."

द्वारकाबाई कोयंडे तिचं नाव. मालवणची. सुनेच्या बाळंतपणाला मुलाकडे गेली होती आणि आता एकटी परत निघाली होती. हे सगळं तिने मला एका दमात सांगितलं.

दार बंद व्हायच्या बेताला एक घामाघूम माणूस आला आणि तिच्याजवळ उभा राहून आपला पास नाचवू लागला. दोघांच्या पासावर एकच सीट छापलेली होती. काउंटरवरच्या मंडळींनाही पगार नव्हता, तेव्हा त्यांच्याकडून असं अधूनमधून व्हायचं. विमान तुडुंब भरलेलं. रिकामी जागा एकच होती, आमची.

कर्णिक मॅडम आमच्या प्रमुख होत्या. त्या पुढून म्हणाल्या, "चारुता, कोणालातरी क्रू सीटवर घे आणि मोकळी हो."

दोघांपैकी कोणाला न्यायचं, ते माझ्या हातात होतं. मी त्या माणसाकडे पाहिलं. तो चुळबुळ्या दिसत होता, पायाशी पिशव्या कोंबणार, सीटखाली हात घालणार. म्हातारी जपमाळ घेऊन गप्प बसेल. सोन्यावर बसवायला यापेक्षा चांगलं माणूस मिळणार नाही, असा विचार मी केला. अगदी हाच.

"आजी, तुम्ही मागे चला. तिथे ऐसपैस आहे, बाथरूमही जवळ."

ती उठली. दोन पावलं चालून थांबली. "थंयसर जाकीट आसा मां?"

"असतं आजी. प्रत्येक सीटखाली असतं."

हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा म्हटलं होतं की ते माझ्या तोंडून आपोआप निघायचं, वर ते हसू चिकटवलेलं. त्या सीटखाली काय आहे, हे मला लख्ख आठवत होतं. काय नाही, हे आठवलंच नाही. खरं सांगते, त्या क्षणी मी खोटं बोलतेय हेसुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही.

तिने तिथे बसल्यावर खाली वाकून बोटांनी पाकीट दाबलं. फुगीर लागलं. माझ्यावर विश्वास ठेवून तिने चेन उघडली नाही. पट्टा बांधला आणि माळ काढली.

"झकास," फिलू मागच्या पडद्याआड माझ्या कानात म्हणाली. "देवी बसवलीस की राखणीला."

आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो. विमान निघालं.

निम्मा समुद्र ओलांडून झाला होता. दुपारचं जेवण वाटून मी ट्रे गोळा करत होते. उजवीकडून धाडकन आवाज झाला, पायाखालची जमीन थरथरली आणि कचऱ्याच्या गाडीवरचे कप घरंगळत पुढे गेले. कोणीतरी किंचाळलं. मग एक प्रकारची शांतता झाली, नेहमीच्या घरघरीतला अर्धा आवाज गळून पडल्यासारखी.

कर्णिक मॅडम कॉकपिटमध्ये जाऊन आल्या. चेहरा नेहमीसारखाच, फक्त लिपस्टिक खाल्लेली. त्यांनी आम्हाला पडद्याआड गोळा केलं.

"उजवं इंजिन बंद केलंय. एका इंजिनावर विमान व्यवस्थित जातं, तुम्हाला माहितेय. पण डावंही कुरकुरतंय. कॅप्टन म्हणतात, मुंबई गाठू. नाही गाठली तर पाण्यावर उतरावं लागेल, म्हणून तयारी करायची. सगळ्यांना जाकिटं घालायला लावा. फुगवू द्यायची नाहीत. चला."

जाकिटं हा शब्द ऐकला आणि मला ती कचऱ्याची काळी पिशवी आठवली. मी फिलूकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. तिच्या ओठांवरचा रंग तेवढा राहिला होता, बाकी चेहरा पांढराफटक.

"जादाची?" मी विचारलं.

"ती तान्ह्या बाळांची आहेत," ती म्हणाली.

कर्णिक मॅडमचा आवाज स्पीकरवरून येऊ लागला. सगळ्या विमानात माणसं वाकली. सीटखालून पाकिटं ओढल्याचे, चेनी उघडल्याचे आवाज, रडणं, देवाची नावं, सगळं एकत्र. द्वारकाबाईंच्या शेजारचे दोघे तरुण कामगार आपापल्या जाकिटांच्या दोऱ्यांत अडकले होते. मी मागून धावत आले तेव्हा तिने पाकीट आधीच मांडीवर घेतलं होतं. चेन उघडी होती. तिची बोटं खाकी चिकटपट्टीवरून फिरत होती, मघाशी कापडावरून फिरली होती तशीच.

"ह्यां जड आसा गो," ती म्हणाली. "जाकीट इतक्यां जड आसता?"

मी तिच्या मांडीवरून पाकीट उचललं. चेन बंद केली. मागे वळून फिलूकडे दिलं आणि तिने ते कचऱ्याच्या गाडीत खोल दाबून वर उष्टे ट्रे घातले. मग मी माझ्या सीटखालचं जाकीट काढलं. आमची लाल असतात, गर्दीत ओळखू यावीत म्हणून. ते मी द्वारकाबाईंच्या गळ्यात घातलं, पट्टा मागून पुढे घेतला आणि आवळला. बक्कल दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा तिनेच माझा हात धरून ते बसवलं.

"आणि तुका?"

"मला पोहता येतं, आजी."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मालवणच्या किनाऱ्यावर म्हाताऱ्या बायका आभाळाकडे बघतात ना, आज होडी घालावी की नको, तशी ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

पलीकडच्या रांगेतल्या एका बाईने हे पाहिलं आणि हात जोडले. "आपलं दिलं हो पोरीने," ती आपल्या नवऱ्याला म्हणाली. मला तेव्हा ते ऐकूसुद्धा आलं नाही, नंतर तिने सगळ्यांना सांगितलं.

मी माझ्या घडीच्या सीटवर जाऊन पट्टे बांधले. उतरताना आम्ही मनातल्या मनात उजळणी करायची असते. दार कुठलं, दांडा कुठे फिरवायचा, कोणाला आधी काढायचं. मला काही आठवेना. समोर द्वारकाबाईंचं मागून दिसणारं डोकं, अंबाड्याला खोचलेलं सुकलेलं अबोलीचं फूल आणि मानेभोवती माझं लाल जाकीट. खिडकीतून समुद्र दिसत होता, आणि तो वर वर येत होता. मला मरायची भीती वाटत होती हे खरं आहे. पण त्याहून मोठी भीती वाटत होती ती वाचण्याची, कारण मग तिला तोंड दाखवावं लागणार होतं.

डावं इंजिन टिकलं. आम्ही मुंबईच्या धावपट्टीवर आपटत, उडत, एकदाचे थांबलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकमेकांच्या गळ्यात पडले. मी दारात उभी राहून सगळ्यांना नमस्कार करत होते. द्वारकाबाई जाताना जाकीट माझ्या हातात देऊन गेली, नीट घडी घालून.

विमान तिथेच अडकलं, नागपूर राहिलं. कचऱ्याची गाडी नेहमीप्रमाणे खाली उतरली. परदेशातून आलेल्या विमानातला कचरा भट्टीत जाळतात, हे आम्ही दोघींनी प्रशिक्षणात पाठ केलं होतं. नेवरेकरने फिलूला फोनवर भरपूर शिव्या घातल्या. पण चोरीचं सोनं चोरीला गेलं म्हणून तक्रार कुठे करणार? थोड्या दिवसांनी त्याचा नंबरच बंद झाला.

चौकशी झाली. त्या सीटखाली जाकीट का नव्हतं? कोणीतरी म्हणालं, प्रवासी आठवण म्हणून पळवतात, आणि ते खरंही आहे. द्वारकाबाईंना फोन करून विचारलं. साहेबांनी तो स्पीकरवर लावला होता, मी समोरच उभी होते.

"सीटखाली काय होतं का, आजी?"

ती म्हणाली, "रिकामां व्हता. त्या चेडवान आपला जाकीट माका घातल्यान."

प्रकरण मिटलं, असं मला वाटलं. मिटलं नाही, वाढलं. बुडत्या कंपनीला चांगल्या बातमीची गरज होती आणि ती मी होते. पेपरात फोटो आला. अंधेरीच्या एका हॉटेलात समारंभ ठरला. कर्णिक मॅडमनी अख्खं विमान सांभाळलं होतं, त्या तिसऱ्या रांगेत बसल्या. मी व्यासपीठावर. शाल, श्रीफळ, मानचिन्ह. वर घोषणा अशी की चारुताचा थकलेला सगळा पगार कंपनी गौरव म्हणून देत आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांना पगार नव्हता त्यांनीसुद्धा. फिलू आलीच नाही. तिने सकाळी फोन करून एवढंच सांगितलं, "चारू, मला उलटी होईल गं," आणि ठेवला. त्या महिन्यात तिने नोकरी सोडली.

नाना पहिल्या रांगेत होते. नवा सदरा, इस्त्रीची घडी तशीच दिसत होती. शेजारच्या अनोळखी माणसाला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते, आणि तो माणूस कौतुकाने मान हलवत होता. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते. जमीन दुभंगावी असं म्हणतात, मला त्या जाजमाखाली शिरायलाही चाललं असतं.

मग निवेदिका म्हणाली, "आणि आता, जिचे प्राण वाचले ती माउली." पडद्याआडून द्वारकाबाई आली. तिला मुद्दाम मालवणहून आणवलं होतं. तीच नऊवारी, आज स्वेटर नव्हता. तिच्या हातात अबोलीचा गजरा होता, मला द्यायला. गजरा माझ्या हातात ठेवून तिने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. फोटोवाले पुढे सरसावले. मी वाकले, तिच्या पाया पडायला म्हणून, आणि ती माझ्या कानाशी आली.

"तुझो हात आदी खंय गेलो," ती हळूच म्हणाली, "तां मी कोणाक सांगूक नाय हां."

आणि माझा हात, आधी पाकिटाकडे गेलेला तोच, थोपटून ती मागे सरली.

घरी परतताना टॅक्सीत नानांनी विचारलं, "काय म्हणाल्या गं त्या कानात?"

"आशीर्वाद दिला," मी म्हटलं.

नाना आता नाहीत. कंपनीही नाही. अंबरनाथच्या घरी तो फोटो अजून बैठकीत आहे. त्यांनी तो फ्रेमच्या दुकानातून सोनेरी चौकट घालून आणला होता आणि दाराच्या समोरच लावला, आल्या आल्या दिसावा म्हणून. मी वाकले आहे, म्हातारी हसते आहे आणि तिने माझा उजवा हात घट्ट धरलेला आहे. भाऊ दर दिवाळीला रंग काढतो तेव्हा विचारतो, चारुताई, हा तू तुझ्या घरी नेतेस का? मी म्हणते, राहू दे इथेच. माझ्या घरी जागा नाही.

जागा आहे. त्या हाताकडे मला रोज बघवणार नाही, एवढंच.